गुराब ते पतेमारी : शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती म्हणजे त्या जहाजाचा सांगाडा, फळ्या, डोलकाठ्या, शिडे आणि दोर एका ठरलेल्या प्रमाणात लहान करून हाताने घडवलेली वस्तू. खेळण्यातली होडी जहाजासारखी दिसली की पुरते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक दोर कुठून निघतो, कोणत्या कप्पीतून जातो, कुठे बांधला जातो आणि तो ओढल्यावर काय हलते, या सगळ्याचा हिशेब लागावा लागतो. तो लागला नाही तर जहाज कितीही देखणे असले तरी चुकीचे ठरते.

या कलेला इतिहासात महत्त्व आले ते लाकडी जहाज टिकत नाही म्हणून. चांगल्या सागवानाचे जहाज काही दशके चालते. मग ते किनाऱ्यावर ओढून मोडतात, खिळे उपसून घेतात आणि उरलेले लाकूड घराच्या वाशांना किंवा चुलीला जाते. शिवकाळापासून पेशवाईच्या अखेरपर्यंत कोकण किनाऱ्यावर बांधलेल्या मराठी लढाऊ जहाजांपैकी एकही आज उभे नाही. किल्ले राहिले, तोफा राहिल्या, कागदपत्रेही बरीच राहिली; ज्यांच्या जोरावर ते आरमार उभे होते ती गलबते गेली. त्यांचे रूप कळण्याचे मार्ग चारच उरतात: दगडात कोरलेले, भिंतीवर रंगवलेले, परक्यांनी लिहून ठेवलेले आणि लहान आकारात घडवलेले.

लहान आकाराचा मार्ग फार जुना आहे. गुजरातेतील लोथल येथे १९५५ नंतर एस. आर. राव यांच्या उत्खननात हडप्पाकालीन भाजक्या मातीच्या नौका मिळाल्या. त्यांतल्या एकीला टोकदार नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि डोलकाठी बसवण्याचे भोक आहे. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी नौका सापडल्या. वल्ही, खलाशी आणि दोऱ्यांसह त्या जशाच्या तशा होत्या. एखाद्या काळातली खरी नौका हाती लागत नाही तेव्हा अभ्यासकांना अशाच छोट्या नौकांकडे वळावे लागते.

जहाजांचे पुरावे समुद्रकाठीच मिळतात असे नाही. मराठवाड्यातल्या निलंग्यापासून कोकणचा समुद्र सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. १९५६ पर्यंत निलंगा बीदर जिल्ह्यात, म्हणजे स्वतःचा किनारा नसलेल्या हैदराबाद राज्यात होता. तरीही जहाजांच्या इतिहासातले दोन मोठे पुरावे याच मराठवाड्याच्या भूमीशी जोडलेले आहेत. निलंगा तालुक्यातून वाहणारी तेरणा नदी वर ज्या गावाला वळसा घालून येते ते तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे शहर म्हटले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजात चढे. पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरलाच मिळाली आहे. तेव्हा तेरणाकाठच्या विणकराला समुद्र दिसत नसला तरी त्याचे पोट समुद्रावर अवलंबून होते. सातवाहन राजांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ती नाणी पूर्व किनाऱ्याकडची.

दुसरा पुरावा अजिंठ्याचा. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या चित्रात एक जहाज आहे. कथा सोपाऱ्याच्या पूर्णाची आहे: त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला, वादळात सापडला आणि पूर्णाने त्याला वाचवले. चित्रकाराने जहाजाला तीन डोलकाठ्या, उंच आणि अरुंद शिडे, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही आणि फलाटावर, म्हणजे डेकवर, ओळीने मांडलेले रांजण दाखवले. चित्राला मापे नाहीत. दोर कुठे बांधले हे अर्धेच कळते. तरीही एवढे तपशील एका जागी देणारा त्या काळचा दुसरा पुरावा पश्चिम भारतात क्वचितच सापडतो, आणि पंधराशे वर्षांनंतर त्यातून खरे जहाज उभे राहिले. त्याची हकिगत पुढे येईल.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावी वीरगळांची एक रांग आहे. त्यांतल्या काहींवर समुद्रावरची लढाई कोरली आहे. लांबट, दोन्ही टोकांना वर उचललेल्या नौका, एका बाजूने दिसणारी वल्ह्यांची सलग ओळ आणि वर शस्त्रे घेतलेले सैनिक. या वीरगळांचा संबंध देवगिरीच्या यादव महादेवाने तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वराविरुद्ध केलेल्या नाविक लढाईशी जोडला जातो. देवगिरीच्या राजाने कोकणच्या समुद्रात युद्ध केले, ही गोष्ट मराठवाड्याच्या शाळेत फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

शिवकाळात मात्र जहाजबांधणी ही राज्याची जबाबदारी झाली. कल्याण आणि भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास तिथल्या खाडीत लढाऊ नौका बांधायला घेतल्या. पोर्तुगीज कागदांत ही संख्या सुमारे वीस येते. कामावर देखरेखीला रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज जहाजतज्ज्ञ होता. वसईच्या पोर्तुगीजांनी त्याला फितवून ते काम सोडायला लावले. काम थांबले नाही. १६६५ साली महाराज स्वतः बसरूरच्या स्वारीवर समुद्रमार्गे गेले तेव्हा ताफ्यात ८५ लहान लढाऊ नौका आणि तीन मोठी जहाजे होती. सभासदाच्या बखरीत गुराब, तरांडी, गलबत, शिबाड, मचवा, पगार अशी नौकांची नावे येतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळे प्रकरण आहे. जहाज वाऱ्यावाचून निरुपयोगी होईल इतके थोर नसावे, मध्यम आकाराचे चपळ असावे, एका सुभ्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत, असा त्याचा रोख आहे. जहाजांसाठी साग तोडायचा तो परवानगीने, आणि आंबा-फणस ही रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडे तिला राजी केल्याशिवाय तोडायची नाहीत, ही ताकीदही त्याच ग्रंथात आहे.

एवढे लिहिणाऱ्या राज्याने जहाजाचा आराखडा मात्र कागदावर काढल्याचे आढळत नाही. तशी गरजच नव्हती. सुतार आधी तळाचा कणा, म्हणजे पठाण, मांडायचा. त्यावर पुढे नाळ उभी करायचा. मग फळ्या आणि वाक, म्हणजे फासळ्या, डोळ्यांच्या अंदाजाने जुळवत जायचा. प्रमाण पठाणाच्या लांबीवरून ठरे: रुंदी तिच्या अमुक हिश्श्याइतकी, डोलकाठी तमुक हिश्श्याइतकी. हे हिशेब बापाकडून मुलाला मिळत. अशी विद्या कारागिराबरोबर जगते आणि त्याचा धंदा बसला की जाते. मराठी आरमाराची प्रतिकृती करणाऱ्यापुढची खरी अडचण ही आहे. इंग्रजी नौदलात सतराव्या शतकापासूनच मोठ्या जहाजाची एकास ४८ या प्रमाणातली लाकडी प्रतिकृती केली जाई. तिचा खालचा भाग फळ्या न लावता मोकळा ठेवत, म्हणजे फासळ्यांची मांडणी दिसे. त्यामुळे अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी जहाज आजही फासळीन्‌फासळी करता येते. गुराबेचे तसे नाही.

गुराबेचे सर्वात उपयोगी वर्णन शत्रुपक्षाच्या लेखणीतून आले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात मराठी आरमाराच्या आंग्रे सरदारांच्या जहाजांबद्दल लिहिताना बारकावे टिपले. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० टनांची. लांबीच्या मानाने ती फार रुंद, आणि मध्यापासून पुढे निमुळती होत जाऊन भूमध्य समुद्रातल्या नौकांसारखी लांब नाळ पुढे काढलेली. या नाळेवर मजबूत फलाट, पण त्याला कठडा नाही. समोरून लाट आली की नाळ तिच्यात बुडे. कठडा नसल्याने पाणी फलाटावरून दोन्ही बाजूंनी वाहून जाई. नाळ आणि मुख्य जहाज यांच्यामध्ये आडवी भक्कम भिंत, आणि त्या भिंतीतल्या भोकांतून पुढे रोखलेल्या नऊ ते बारा पौंडी दोन तोफा. म्हणजे गुराब पाठलाग करताना थेट पुढे मारा करू शके. गलबत हे त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले: दोन डोलकाठ्या, मागची अगदी बारीक, पुढच्या काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, वर चिरलेल्या बांबूंचा हलका फलाट आणि ४० ते ५० वल्ही. वारा पडला तरी ते ताशी चार मैल जाई आणि मोठ्या गुराबांना दोर लावून ओढी.

प्रतिकृती करणाऱ्याने हे वर्णन जवळ ठेवले तर पुष्कळ चुका टळतात. नाळेच्या फलाटाला कठडा लावलेली गुराब चुकीची. बाजूंच्या तोफांवर भर देऊन समोरच्या तोफा विसरलेली गुराब तर तिच्या युद्धपद्धतीलाच विसरलेली. आणि एखादे युरोपीय जहाज उभे करून त्यावर भगवा लावला म्हणजे ती मराठी नौका होत नाही. आंग्र्यांच्या कारागिरांवर तो अन्याय आहे.

या कारागिरांच्या कामाची जागा अजून पाहता येते. विजयदुर्गजवळ गिर्ये येथे खाडीकाठी खडकात खोदलेली गोदी आहे, शंभर मीटरांहून लांब. भरतीला पाणी आत घ्यायचे, जहाज आत आणायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की तळाची डागडुजी करायची, अशी तिची रचना. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिची पाहणी केली आहे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पुढे घरात दुही माजली, आणि तुळाजी आंग्र्यांच्या काळात, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रजी ताफ्याने विजयदुर्गावर हल्ला केला. एक पेटता गोळा आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर पडला. जहाजे एकमेकांना बांधलेली होती. आग एकीवरून दुसरीवर गेली आणि आंग्र्यांचे आरमार काही तासांत जळून गेले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. मराठी जहाजबांधणीचा एवढा मोठा संग्रह एका दिवसात नाहीसा झाला तो मराठी राज्याच्याच संमतीने, हे लिहिताना जड जाते. पेशव्यांचे आरमार त्यानंतरही विजयदुर्गाहून चालले. आनंदराव धुळपांनी १७८३ साली रत्नागिरीजवळ इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. पण १८१८ साली पेशवाई संपल्यावर किनाऱ्यावरच्या सुतारांना लढाऊ जहाजाचे काम राहिले नाही.

मुंबईत याच काळात जहाजबांधणी वेगळ्या वाटेने गेली. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आले आणि वाडिया घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या गोदी सांभाळली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८१० साली ‘मिंडेन’ हे ब्रिटिश आरमारासाठीचे मोठे लढाऊ जहाज बांधले. ‘ट्रिंकोमाली’ या त्यांच्या जहाजाची गोष्ट आराखड्याचे महत्त्व सांगते. लंडनहून तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून पाठवले होते. ते जहाज १८१२ साली अमेरिकनांनी बुडवले आणि नकाशेही गेले. नव्याने प्रती येईपर्यंत काम लांबले. पठाण १८१६ साली मांडला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. मलबारच्या सागवानाचे हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे आणि पाहायला मिळते. मुंबईच्या हातांनी बांधलेल्या शिडाच्या जहाजाची प्रतिकृती करायची असेल तर याहून चांगले जहाज नाही, कारण नकाशेही आहेत आणि मूळ जहाजही.

किनाऱ्यावरच्या व्यापारी नौकांची नोंद मात्र दोन परक्यांनी घेतली म्हणून राहिली. श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरातल्या गोदीत काम केलेल्या जॉन एडी याने १८३४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात भारतीय किनाऱ्यावरच्या नौकांची मापे दिली. पश्चिम किनाऱ्यावरची मोठी पतेमारी, म्हणजे शिडाची मालवाहू नौका, त्याच्या नोंदीत सुमारे ७६ फूट लांब, २१ फूट रुंद आणि दोनशे टनांची आहे. फ्रेंच नौदलातला एदमों पारी हा त्याहून थोर निरीक्षक. जगाच्या प्रवासात त्याने बंदरोबंदरी नौका मोजल्या, त्यांचे छेद काढले, दोरांची मांडणी रेखाटली, आणि १८४१ ते १८४३ च्या दरम्यान युरोपबाहेरच्या लोकांच्या जहाजबांधणीवर मोठा ग्रंथ काढला. १८७१ पासून तो पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि आपल्याच रेखाटनांवरून त्याने नौकांच्या प्रतिकृती करून घेतल्या. कोकणच्या सुतारांनी न काढलेला आराखडा अशा रीतीने पॅरिसमध्ये तयार झाला. मुंबईत १८७२ साली खुल्या झालेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयातही इथल्या नौकांच्या प्रतिकृती जपलेल्या आहेत.

पतेमारीची प्रतिकृती कशी होते हे पाहिले की या कलेची रीत कळते. एकास ४८ हे प्रमाण धरले तर ७६ फुटांचे जहाज १९ इंचांचे, म्हणजे सुमारे ४८ सेंटिमीटरचे होते. सोप्या पद्धतीत एकाच ओंडक्यातून बाहेरचा आकार कोरतात. कसलेला कारागीर पठाण मांडून त्यावर आडवे छेद किंवा खऱ्या फासळ्या उभ्या करतो आणि त्यावर एकेक फळी चढवतो. फळी दीड-दोन मिलिमीटर जाडीची. नाळेकडे ती वळवावी लागते, म्हणून आधी पाण्यात भिजवतात किंवा वाफेवर धरतात. प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करावी लागते. सारख्या रुंदीच्या फळ्या लावत गेले की नाळेशी त्या एकमेकींवर चढतात आणि मध्यावर फटी पडतात. या एका ठिकाणी नवशिक्याचा हात ओळखू येतो.

लाकडाची निवडही वेगळी. खरे जहाज सागाचे, पण सागाचे रंध्र मोठे. लहान आकारात ते खडबडीत दिसते. त्याऐवजी शिवण किंवा हेदू यांसारखे बारीक पोताचे लाकूड चांगले. पठाण, डोलकाठी आणि सुकाणू सागाचे करायचे असतील तर नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलाचा साग मराठवाड्यात ओळखीचा आहे. हत्यारे गावच्या सुताराचीच, फक्त लहान: करवत, पटाशी, रंधा, कानस. बैलगाडीच्या चाकाचे आरे आणि पाटे जुळवणाऱ्या सुताराला फळीचा बाक समजावून सांगावा लागत नाही.

शिडे आणि दोर हा या कामाचा अर्धा भाग, आणि समजून घेण्यासारखा. युरोपीय जहाजाच्या डोलकाठीला दोन्ही बाजूंनी जाड दोरांच्या शिड्या कायमच्या ताणलेल्या असतात आणि एक दोर समोर नाळेकडे गेलेला असतो. पतेमारीत हे चालत नाही. तिचे शीड जवळजवळ त्रिकोणी, आणि ते ज्या लांब तिरक्या लाकडाला बांधलेले असते ते परबाण जहाजाइतकेच, कधी त्याहूनही लांब असते. एवढे लांब सरळ लाकूड एका झाडातून मिळत नाही, म्हणून दोन-तीन तुकडे एकमेकांवर चढवून दोराने आवळतात. जहाजाने वाऱ्याची बाजू बदलली की परबाण उभे करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. समोर कायमचा दोर असता तर तो आडवा आला असता. म्हणून पुढे दोर नाही आणि डोलकाठी पुढे झुकलेली. बाजूचे आधाराचे दोर कप्प्यांवर, सोडता येतील असे, आणि वाऱ्याकडच्या बाजूलाच ताणलेले. परबाण वर ओढणारा जाड दोर मोठ्या कप्पीतून मागे फलाटावर आणून बांधतात; तोच डोलकाठीला मागून धरून ठेवतो. एका दोराने दोन कामे होतात. युरोपीय प्रतिकृतीच्या सवयीने पतेमारीला समोरचा दोर आणि बाजूच्या शिड्या लावल्या तर ते जहाज बाजूच बदलू शकणार नाही. दोर बांधता बांधता कारागिराला हे हाताने कळते. पुस्तक वाचून ते इतके पक्के कळत नाही.

दोर वळणे ही तर मराठवाड्याच्या ओळखीची विद्या. अंबाडी, ताग आणि घायपाताचे दोर, कासरे आणि दावी गावोगावी मातंग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या वळली. रीत अशी: प्रत्येक पदर एका दिशेने पीळ देऊन घ्यायचा आणि असे तीन पदर एकत्र करून उलट्या दिशेने वळायचे. दोन पीळ एकमेकांना सोडू देत नाहीत. वळताना लांबी बरीच आटते, त्यामुळे सूत हिशेबापेक्षा जास्त घ्यावे लागते. प्रतिकृतीत हेच बारीक सुती किंवा तागी धाग्यावर करतात. दुकानातला तयार धागा गुळगुळीत आणि चकचकीत असतो, त्यावर पीळ दिसत नाही, आणि लहान जहाजावर तो लगेच खटकतो. कायम ताणलेले दोर गडद रंगाचे करतात, कारण खऱ्या जहाजावर त्यांना डांबर किंवा तेल-राळ लागलेली असे. ओढायचे-सोडायचे दोर फिकट ठेवतात. शिडाचे कापड पातळ, त्यावर पट्ट्यांच्या शिवणीच्या रेघा, कारण मूळ शीड अरुंद पट्टे जोडून शिवलेले असे.

दोरांसाठी कारागिरांनी काय काय वापरले याचे एक उदाहरण नेपोलियनच्या युद्धांतले. इंग्लंडच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातल्या हाडांपासून जहाजे घडवली आणि काहींच्या दोरांना माणसाचे केस लावले. ती जहाजे ते तुरुंगाच्या बाजारात विकत. आज ती संग्रहालयांत आहेत.

विक्रीसाठी प्रतिकृती बनवण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसमध्ये वाढला. १८३४ नंतर रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून करारबंद मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज ज्या बेटावर राहतात, तेच हे बेट. क्युरपीप आणि गुडलँड्स इथल्या कारखान्यांत ‘व्हिक्टरी’, ‘बाउंटी’ आणि १७४४ साली मॉरिशसच्या खडकांवर फुटलेल्या ‘सेंट जेराँ’ यांच्या प्रतिकृती नकाशांवरून बनतात. लाकूडकाम आणि दोर-शिडांचे काम वेगवेगळ्या हातांत असते, आणि शिडांना जुनेपणाचा रंग यावा म्हणून ती चहाच्या पाण्यात बुडवतात. एका मोठ्या जहाजाला शेकडो तास लागतात. निर्यातीवर चालणाऱ्या या उद्योगात युरोपीय जहाजांनाच मागणी आहे. गुराब किंवा पतेमारी तिथल्या यादीत येत नाही.

कोकणातली पतेमारी विसाव्या शतकात आधी आगबोटीने आणि मग इंजिनाने मागे टाकली. शिडावर चालणारी मालवाहू गलबते थांबली, तशी परबाण फिरवणारी, शिडाचे कापड बेतणारी माणसेही कमी होत गेली. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली आणि सागरी वारशाच्या अभ्यासाला कायमची जागा मिळाली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका २००९ साली नौदलात दाखल झाली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

दांडेकरांच्याच गोदीत पुढे अजिंठ्याच्या चित्रातले जहाज उभे राहिले. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि दांडेकरांची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला आणि सप्टेंबरमध्ये पठाण मांडला गेला. मूळ जहाजाचा अवशेष नाही, आराखडा नाही, हाती फक्त भिंतीवरचे चित्र. त्यामुळे आधी आकार कागदावर ठरवला गेला आणि मद्रास आयआयटीच्या सागरी अभियांत्रिकी विभागात लहान प्रतिकृती पाण्यात तपासली गेली. चित्रातले उंच जहाज लाटेत किती कलते, सरळ उभे राहते का, हे खऱ्या लाकडाला हात लावण्यापूर्वी त्या प्रतिकृतीवर कळले. लोथलच्या मातीच्या होडीपासून चालत आलेल्या या कलेचा इतका थेट उपयोग भारतात क्वचितच झाला असेल.

बांधणी जुन्या शिवणीच्या पद्धतीने झाली. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवल्या, खिळ्यांनी ठोकल्या नाहीत; शिवणीत काथ्या दाबून वर राळ आणि तेलाचा लेप दिला. शिवलेले जहाज लाटेच्या माराने थोडे वाकते, फुटत नाही, आणि म्हणूनच पोर्तुगीज येण्यापूर्वी अरबी समुद्रावर या पद्धतीची जहाजे सर्वत्र होती. सुमारे वीस मीटर लांबीच्या या जहाजाला चौकोनी शिडे आणि मागे सुकाणूची वल्ही आहेत. त्याची बांधणी फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून शिडावर निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधील मस्कतला पोहोचले.